गर्भाशयमुखावरील पांढरा चट्टा

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या सुमारास एक बाई आली. वय ३८, शेतात रोजाने जाणारी, दोन मुलांची आई. सोबत नवरा आणि सासू. तालुक्याच्या गावी झालेल्या महिला आरोग्य शिबिरात मिळालेला कागद तिच्या मुठीत घामाने ओला झाला होता. त्यावर निळ्या शाईने लिहिले होते, 'व्हीआयए पॉझिटिव्ह'. नवरा आत येईना. दारातूनच त्याने विचारले, "मॅडम, पॉझिटिव्ह म्हणजे तेच ना? एड्स?"

बाई दोन दिवस नीट जेवली नव्हती. सासूबाईंचे मत वेगळेच. "एकदाची पिशवी काढून टाका, म्हणजे मागं झंझट नको."

त्या कागदाचा एड्सच्या तपासणीशी काडीचाही संबंध नव्हता. गर्भाशयाच्या तोंडाला शिरक्यासारखे पातळ द्रावण लावून डोळ्यांनी जी तपासणी करतात, तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव व्हीआयए. ती 'पॉझिटिव्ह' म्हणजे तिथे पांढरा चट्टा दिसला, पुढची तपासणी करून घ्या, एवढेच. कर्करोग आहे असे तो कागद म्हणत नव्हता. पण शिबिरात दीडशे बायकांची रांग. हे समजावून सांगायला वेळ कोणाला होता?

म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे. हा लेख घरात मोठ्याने वाचला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पेपरची घडी घालून कोणी तो उशीखाली ठेवला तरी माझी हरकत नाही.

आधी जागा समजून घेऊ. गर्भाशयाचा आकार उलट्या धरलेल्या पेरूसारखा. त्याचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उतरतो, त्याला गर्भाशयमुख म्हणतात. त्यावर दोन प्रकारची अस्तरे असतात. बाहेरचे गुळगुळीत, फिकट गुलाबी, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखे. ते अनेक थरांचे असते. आतल्या नळीचे अस्तर मात्र एकाच थराचे, नाजूक, मखमलीसारखे लालभडक. ही दोन अस्तरे जिथे मिळतात तो सांधा हेच आपल्या गोष्टीचे ठिकाण. हा सांधा आयुष्यभर एका जागी राहत नाही. तरुणपणी, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तो बाहेर सरकतो, तेव्हा तोंडाभोवती लाल कडे दिसते. पाळी गेल्यावर तो वर नळीत चढतो आणि बाहेरून दिसेनासा होतो.

या लाल कड्याने आपल्याकडे फार घोटाळे केले आहेत. मी शिकत होते तेव्हा त्याला सर्रास 'इरोजन' म्हणत. इरोजन म्हणजे झीज, आणि रुग्णाच्या भाषेत 'जखम'. पुढे त्या जखमेला 'जखमेचा कॅन्सर होतो' ही पुस्ती जोडली गेली. वास्तविक ती जखमच नव्हे. आतले अस्तर बाहेर डोकावते, इतकेच. बहुतेक बायकांना त्याला काहीही करावे लागत नाही. तरीही पांढरे जाते, तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, असे सांगून पस्तिशीच्या आत पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायकांच्या अशा शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एवढ्या लहान वयात पिशवी, आणि कित्येकदा तिच्यासोबत अंडाशयही, काढून बसलेल्या बायका कंबरदुखी, घामाचे लोट आणि ठिसूळ हाडे घेऊन आमच्याकडे येतात. तेव्हा सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

आता विषाणूकडे वळू. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, असतो. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली त्याचा १६ क्रमांकाचा आणि पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार या कर्करोगाच्या पेशींत शोधला. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. कर्करोगाला कारण होणारे त्यातले साधारण डझनभर, आणि त्यातही १६ व १८ हे दोघे मुख्य गुन्हेगार. जगभरातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के त्यांच्याच खात्यावर जातात. भारतात २०२२ या एका वर्षात या रोगाचे अंदाजे सव्वा लाखावर नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार बायका त्याने दगावल्या.

मग तपासणी करताना हा विषाणू दिसतो का? नाही. तो इतका सूक्ष्म की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. पेशींवर त्याने काय केले तेवढे आपल्याला दिसते. तेही नेहमी दिसतेच असे नाही.

काहीही न लावता नुसत्या डोळ्यांनी दिसते ती चामखीळ. गर्भाशयमुखावर, योनिमार्गात किंवा बाहेरच्या भागावर फुलकोबीच्या तुऱ्यासारखे बारीक कोंब उगवतात. ते पाहून बाई घाबरते, क्वचित डॉक्टरही घाबरतात. पण हे कोंब बहुतांशी ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांचे असतात आणि या दोघांमुळे सहसा कर्करोग होत नाही. उलट १६ आणि १८ क्रमांकाची मंडळी असा गाजावाजा करत नाहीत. त्यांनी बाधित झालेली त्वचा सपाट राहते, गुलाबी दिसते, हाताला लागत नाही, दुखत नाही. चामखिळीसारख्याच, पण सपाट आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बाधा गर्भाशयमुखावर असतात, हे कॅनडातील मायझेल्स आणि फोर्टिन यांनी १९७६ साली पेशी तपासून दाखवले. तोवर चामखीळ म्हणजे कोंब, असाच समज होता. थोडक्यात, ठळक दिसते ते बहुधा कमी धोक्याचे, आणि धोक्याचे असते ते दडून बसते. त्याला उजेडात आणायला शिरका लागतो.

ही तपासणी कशी होते ते सविस्तर सांगते, कारण भीती न कळण्याची असते. बाईला पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला सांगतात. स्पेक्युलम नावाचे बदकाच्या चोचीसारखे उपकरण योनिमार्गात सरकवून हळूच उघडतात. चांगला दिवा लावला की गर्भाशयमुख समोर दिसते. चिकट स्राव कापसाने टिपतात आणि ॲसेटिक ॲसिडच्या ३ ते ५ टक्के ताज्या द्रावणाचा बोळा त्यावर धरतात. स्वयंपाकघरातला शिरका साधारण याच ताकदीचा असतो. (म्हणून कोणी घरी स्वत:वर प्रयोग करू नये. नुसता शिरका लावून काही कळत नाही आणि आग मात्र होते.) त्यानंतर घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट थांबतात. या मिनिटाला फार महत्त्व आहे. घाईत वीस सेकंदांत बोळा काढला, तर जे दिसायचे तेच दिसत नाही.

त्या मिनिटात काय घडते? निरोगी पेशींच्या वरच्या थरात केंद्रक लहान आणि विरळ असतात, त्यामुळे प्रकाश आत शिरतो आणि खालच्या रक्ताचा गुलाबी रंग दिसतो. विषाणूने बिघडवलेल्या पेशींचे केंद्रक मोठे आणि दाटीवाटीचे. ॲसिडने त्यातली प्रथिने तात्पुरती गोठतात, जसे अंड्याचे पांढरे उकळत्या पाण्यात पडताच दुधी होते. मग प्रकाश आत जात नाही, परत फिरतो, आणि ती जागा पांढरी दिसते. काही मिनिटांत द्रावणाचा परिणाम ओसरला की चट्टा पुन्हा गुलाबी होतो. एका शिकाऊ सिस्टरने मला विचारले होते, "मॅडम, आत्ता होता, कुठं गेला?"

पण पांढरे दिसले की ते सारखेच, असे मुळीच नाही. खरी पारख इथे आहे. फिकट, धुक्यासारखा, कडा कुठे संपते ते न कळणारा पांढरेपणा बहुधा साध्या दाहाचा किंवा अस्तराच्या नैसर्गिक बदलाचा असतो. सांध्यापासून दूर, नकाशातल्या बेटांसारखे सुटे, वेड्यावाकड्या कडांचे, पातळ पांढरे ठिपके नुसत्या विषाणूबाधेचे किंवा सौम्य बदलाचे असू शकतात. काळजीचा चट्टा सांध्याला चिकटून असतो. तो दाट, चुना फासल्यासारखा, स्वच्छ कडेचा असतो, लवकर उठतो आणि उशिरा मावळतो. द्रावण लावण्याआधीच पांढरा जाड पापुद्रा दिसला, तर तो वेगळा नोंदवावा लागतो, कारण त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. मोत्यासारखे गोल, तुकतुकीत फुगवटे म्हणजे तोंड बंद झालेल्या ग्रंथी. त्या निरुपद्रवी. स्ट्रॉबेरीसारखे लाल ठिपके दिसले तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग असू शकतो. त्यावर गोळ्यांचा इलाज आहे, तो नवऱ्यानेही घ्यायचा असतो. नवरे टाळतात, आणि बाईला तो त्रास पुन्हा होतो.

शिरक्याच्या जोडीला काही ठिकाणी आयोडीनचे द्रावणही लावतात. निरोगी बाहेरच्या अस्तरात साखरेचा एक साठा असतो, त्यामुळे ते गडद तपकिरी होते, जुन्या शिसवी कपाटासारखे. बिघडलेल्या पेशींनी तो साठा संपवलेला असतो, म्हणून ती जागा मोहरीसारखी पिवळी राहते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कॉल्पोस्कोप असतो, त्याला आपल्याकडे 'दुर्बिणीची तपासणी' म्हणतात. त्यातून तो चट्टा अनेक पटींनी मोठा दिसतो. हिरवा प्रकाश टाकला की रक्तवाहिन्या काळ्या उठून दिसतात. बारीक ठिपके, किंवा मोझॅक फरशीसारखी नक्षी. नक्षी जितकी जाडीभरडी, तितका संशय अधिक. वेड्यावाकड्या, नागमोडी, मधूनच तुटणाऱ्या वाहिन्या दिसल्या तर डॉक्टर लगेच तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतात. तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्याला पिशवी काढणे म्हणत नाहीत.

एवढे सगळे पाहूनही डोळा चुकतो. दोन्ही बाजूंनी चुकतो. दाहाला कर्करोगाची पूर्वस्थिती समजतो, आणि खरा बदल निसटून जातो. याचा पुरावा आपल्याच राज्यात मिळाला आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून शिरक्याची तपासणी करायला लावले. दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या. १२ वर्षांनी पाहिले तेव्हा त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. डॉक्टर नव्हेत, वस्तीतल्याच बायका!

दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने २००० सालापासून तेथील खेड्यांतल्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात घेतल्या. एका गटाची एकदाच शिरक्याची तपासणी, एकाची एकदा पॅप स्मिअर, एकाची एकदा विषाणूचीच तपासणी, आणि एका गटाला नेहमीची सेवा. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या विषाणूच्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या शिरक्याच्या तपासणीने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. डोळ्यांनी एकदा पाहून भागत नाही, पुन:पुन्हा पाहावे लागते. मुंबईत एका फेरीत निसटलेला चट्टा पुढच्या फेरीत सापडण्याची संधी होती. शिबिरात एकदा 'नॉर्मल' लिहून मिळाले म्हणून जन्माची सुटका झाली असे समजू नये. उलट विषाणूची तपासणी नकारात्मक आली तर पुढची पाच वर्षे तरी बाई निर्धास्त राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली आहे. वयाच्या तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्हीबाधित बायकांनी पंचविशीपासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी. ती तपासणी अजून सगळीकडे परवडत नाही, मिळत नाही. तोवर सरकारी कार्यक्रमातली शिरक्याची तपासणी न करण्यापेक्षा शतपटीने बरी. पाळी गेलेल्या बायकांत सांधा वर चढून बसतो, तिथे शिरका फारसा कामाचा नाही. त्यांनी विषाणूची तपासणी किंवा पॅप स्मिअर करून घ्यावा.

माझी स्वत:ची एक चूक इथे सांगते. दवाखाना नवा होता तेव्हाची. सेहेचाळीस वर्षांची एक शिक्षिका माझ्याकडे येत असे. संबंधानंतर थोडे रक्त दिसते, ही तक्रार तिने तिसऱ्या भेटीत, जाताजाता, दाराशी उभे राहून सांगितली. मी पाळी जायचे वय आहे म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. टेबल होते, दिवा होता, स्पेक्युलम कपाटात होते. मी तपासले नाही. बाहेर रांग होती, आणि तीही संकोचत होती. वर्षभराने ती आली तेव्हा घाणेरडा वास येणारा स्राव चालू होता, आणि शिरका लावायची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी, हात लावताच रक्त येणारी गाठ होती. बार्शीला पाठवले, विकिरण झाले. ती त्यानंतर दोन वर्षे जगली. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त, किंवा दुर्गंधीयुक्त पाणी, यांपैकी काहीही असेल तर शिबिराची वाट पाहू नका, आणि तुमचा डॉक्टर न तपासता गोळ्या लिहू लागला तर त्याला तसे म्हणा. मला त्या वेळी कोणीतरी म्हणायला हवे होते.

आता त्या अडतीस वर्षांच्या बाईकडे. मी तिला जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीला पाठवले. चट्टा खरा होता. तुकडा काढला. अहवाल आला, सौम्य बदल. अशा बदलात बहुधा उपचार लागत नाही, कारण शरीर स्वत:च विषाणू हुसकून लावते. बहुतेकींच्या बाबतीत हे एक-दोन वर्षांत होते. जिच्यात तो ठाण मांडून बसतो, तिच्यातही साधारण १५ ते २० वर्षे जातात कर्करोग व्हायला. बदल पुढच्या पायरीचा असता, तर तापवलेल्या सळईसारख्या उपकरणाने एखाद मिनिटात ती जागा जाळून टाकतात किंवा तेवढाच भाग काढतात. त्याच दिवशी घरी जाता येते, आणि पिशवी जागच्या जागी राहते.

सासूबाईंना हे पटेना. "एवढं पांढरं दिसलं अन् काहीच करायचं नाही?" मी म्हटले, "काकू, करायचं आहे. एका वर्षानं पुन्हा तपासायचं आहे. ते करणंच अवघड असतं."

नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता. सासू बाहेर गेल्यावर त्याने तो विचारला. हा विषाणू हिला आला कुठून? मला या प्रश्नाचीच धास्ती होती. मी त्याला सरळ सांगितले, ते इथेही सांगते. हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून येतो, आणि वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा होऊन जातो. तो कित्येक वर्षे गुपचूप पडून राहू शकतो. कधी आला, कोणाकडून कोणाकडे गेला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पुरुषांत तर तो सहसा कळतही नाही, आणि त्यांच्यासाठी अशी नेहमीची तपासणीही नाही. "तेव्हा हा कागद घेऊन घरात कोणी कोणाची झडती घ्यायची नाही," असे मी म्हणाले. तो बराच वेळ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "मी ट्रकवर होतो मॅडम, सहा वर्षं." मी पुढे काही विचारले नाही.

मुलगी असेल तर लशीची चौकशी जरूर करा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून आली आहे. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे आणि ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी पडते. आधीच झालेली बाधा तिने जात नाही, आणि लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी लागतेच.

तपासणीला पाळीच्या दिवसांत जाऊ नये. आदले एक-दोन दिवस योनिमार्गात औषध ठेवू नये, आत पाण्याने धुऊ नये, संबंध टाळावा. निकालाचा कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. 'जखम आहे' एवढ्यावर कोणी ऑपरेशनची तारीख देऊ लागले, तर तुकड्याचा अहवाल दाखवा म्हणावे.

ती बाई परवा पुन्हा आली होती, ताप आलेल्या मुलाला घेऊन. पुढच्या वर्षीच्या तपासणीचा महिना तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर, गॅसच्या नोंदीखाली लिहून ठेवला आहे म्हणाली. सोबत जाऊ आली होती. तिला शिबिरात 'नॉर्मल' मिळाले होते, आणि तिनेही विचारले, "मग मी परत कधी यायचं?"